एका टेबलावर दोन संगणक

बुऱ्हाणपूरहून धारणीला जाणाऱ्या रस्त्यावर, खकनार तालुक्यात देडतलाई लागतं. गाव मध्य प्रदेशातलं, पण पुढे मेळघाट सुरू झाला की अमरावती जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. कोरकू, निमाडी, हिंदी आणि मराठी या पट्ट्यात एकमेकींत मिसळून बोलल्या जातात आणि रोटीबेटीचे व्यवहार राज्याची सीमा विचारत नाहीत. कागदपत्रं मात्र विचारतात. अलीकडे समग्र आयडी, खसरा-खतौनी आणि 2023 पासून लाडली बहना. पलीकडे सातबारा, ‘आपले सरकार’चे दाखले आणि 2024 पासून लाडकी बहीण. एका राज्याचे अर्ज हिंदीत, दुसऱ्याचे मराठीत. अशा मुलखात ऑनलाइन कामाचं दुकान चालवायचं तर एक संगणक हळूहळू अपुरा पडू लागतो. दुसरा येतो, पण टेबल एकच असतं आणि बसणारा माणूसही एकच.

दुसरा संगणक हौसेपोटी येत नाही. जुन्या सीपीयूमध्ये विंडोज 7 असतं, कृतिदेव फॉन्ट असतो, अर्जांचे वर्षानुवर्षं जमवलेले नमुने असतात आणि जुना प्रिंटर त्याच्यावरच नीट चालतो. पण विंडोज 7 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला थांबवलं आणि विंडोज 10 ची पाळी 14 ऑक्टोबर 2025 ला आली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चांगली चालणारी जुनी यंत्रं इंटरनेटवर ठेवायला धोक्याची झाली, तरी टाकून द्यायला जीव होत नाही. मग पैशाचं आणि पोर्टलचं काम नव्यावर, टायपिंग आणि छपाई जुन्यावर अशी वाटणी होते. पुण्या-मुंबईच्या घरांत हाच प्रसंग 2020 च्या टाळेबंदीत आला. कंपनीचा लॅपटॉप आणि घरचा डेस्कटॉप एकाच टेबलावर शेजारी शेजारी आले, आणि दोन कीबोर्ड, दोन माउस नि दोन स्क्रीन मांडायला जागा कुणाकडेच नव्हती.

दुकानात जाऊन ‘दोन संगणकांना एक स्क्रीन जोडायचा डबा द्या’ म्हणणं हा सर्वांत सोपा मार्ग, आणि बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. कारण वाटून घ्यायच्या गोष्टी तीन आहेत: डोळ्यांसमोरची स्क्रीन, हाताखालचे कीबोर्ड-माउस आणि आतल्या फायली. तिन्हींचे उपाय वेगळे. ज्याला फक्त फायली इकडून तिकडे न्यायच्या आहेत त्याला कोणत्याही डब्याची गरज नाही. दोन्ही यंत्रं एका राउटरला जोडून एक फोल्डर सामायिक केला की काम भागतं. आपल्याला यांतलं नेमकं काय हवं आहे हे खर्चाआधी ठरवणं, हा या सगळ्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

डब्याचा इतिहास मोठा रंजक आहे. त्याचं घर मुळात सर्व्हरची खोली. लोखंडी कपाटात वीस-तीस यंत्रं एकावर एक रचलेली, प्रत्येकाला स्क्रीन देणं अशक्य, म्हणून एकच कीबोर्ड आणि एकच मॉनिटर सगळ्यांत फिरवायचा. अमेरिकेतल्या हंट्सव्हिलची सायबेक्स ही या धंद्यातली जुनी कंपनी. 2000 साली ती अ‍ॅपेक्समध्ये मिसळून अ‍ॅव्होसेंट झाली. तैवानची एटेन 1979 पासूनची, आणि तिचे डबे भारतात आजही सहज मिळतात. या उपकरणाला केव्हीएम स्विच म्हणतात: कीबोर्ड, व्हिडिओ, माउस. आजही मोठ्या डेटा सेंटरमध्ये कपाटातून ड्रॉवरसारखा ओढून काढायचा कीबोर्ड-स्क्रीनचा ट्रे दिसतो, तो याच कुळातला.

सुरुवातीचे डबे निव्वळ यांत्रिक होते. गोल मूठ फिरवली की तारा एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात. छपाईच्या दुकानांत एका प्रिंटरला दोन संगणक जोडायला अशाच मुठीचे डबे वापरत, आणि ते तिथे उत्तम चालत. कीबोर्डचं तसं झालं नाही. 1987 साली आयबीएमच्या पीएस/2 यंत्रांबरोबर आलेलं गोल कीबोर्ड-पोर्ट चालू यंत्रावर काढ-घाल करण्यासाठी बनलेलंच नव्हतं. त्यात चालू होताना संगणकाला कीबोर्ड सापडला नाही तर तो तिथेच अडून बसायचा आणि पडद्यावर सांगायचा की कीबोर्ड नाही, पुढे जायला एफ-1 दाबा. जो कीबोर्ड नाही, त्याच्यावरचीच कळ! म्हणून डब्यात इलेक्ट्रॉनिक्स आलं. मूठ दुसऱ्या बाजूला असली तरी डबा पहिल्या यंत्राला ‘कीबोर्ड इथेच आहे’ असा इशारा देत राहू लागला. स्वस्त आणि महाग डब्यांतला खरा फरक आजही इथेच आहे.

पुढे यूएसबी आलं आणि कीबोर्डची काढ-घाल सोपी झाली. अडचण स्क्रीनकडे सरकली. मॉनिटर संगणकाला आपली ओळख देतो. ही ओळख म्हणजे 128 बाइटचा एक छोटा तुकडा: बनवणारी कंपनी, पडद्याचा आकार, चालणारी रिझोल्यूशन. केबल जोडली की संगणक तो वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. साध्या डब्याचं बटण दाबलं की पहिल्या संगणकाच्या दृष्टीने मॉनिटर कुणीतरी उपसून नेलेला असतो. तो उघड्या खिडक्या गोळा करून दुसरीकडे टाकतो, रिझोल्यूशन बदलतो, कधी झोपी जातो. परत आलं की अर्धा भरलेला फॉर्म लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर जाऊन बसलेला, अक्षरं मोठी झालेली. चांगला डबा मॉनिटरची ओळख स्वतःजवळ जपून ठेवतो आणि दोन्ही संगणकांना ती सतत दाखवत राहतो, त्यामुळे त्यांना बदल कळतच नाही. डब्याच्या माहितीपत्रकात ईडीआयडी इम्युलेशन असे शब्द असतील तर ते यासाठी. हे शब्द नसतील तर डबा कितीही देखणा असला तरी रोज खिडक्या शोधण्याची तयारी ठेवावी.

आणखी एक खाच. जुन्या एचडीएमआय 1.4 च्या डब्यातून फोर-के पडदा सेकंदाला 30 चित्रांवरच चालतो, आणि माउसचा बाण जड झाल्यासारखा वाटतो. तेच 60 चित्रांनी हवं तर 2013 पासून आलेलं एचडीएमआय 2.0 लागतं. साध्या फुल एचडी मॉनिटरवर काम करणाऱ्याने याची फिकीर करू नये. बऱ्याच डब्यांत यंत्र बदलायला स्क्रोल लॉक ही कळ दोनदा दाबायची असते, आणि नव्या छोट्या कीबोर्डांवर ती कळच नसते. वायरलेस कीबोर्डची यूएसबीत लावायची खुंटी काही डब्यांच्या कीबोर्डसाठी राखलेल्या पोर्टमध्ये ओळखलीच जात नाही. तीच खुंटी शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टमध्ये लावली की चालते. दुकानदार हे सांगत नाहीत, आणि ग्राहक डबा खराब आहे म्हणून परत करतो.

अनेकांना मात्र केव्हीएमची गरजच नसते. आजच्या बऱ्याच मॉनिटरांना दोन किंवा तीन जोडण्या असतातच: एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट, जुन्यांत व्हीजीए. दोन्ही संगणक त्यांत कायमचे लावावेत आणि मॉनिटरच्या बटणाने बाजू बदलावी. कीबोर्ड-माउससाठी काही शे रुपयांचा यूएसबी स्विच पुरतो, किंवा तीन यंत्रांशी जोडून घेणारा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला की कळ दाबून यंत्र बदलतं. बटणं दोन दाबावी लागतात एवढीच तसदी. चित्राच्या वाटेत काही मध्ये येत नाही, म्हणून बिघडायलाही काही उरत नाही. लहान दुकानाला आणि घराला हाच मार्ग सर्वांत चांगला आहे. महागड्या मॉनिटरांत आता केव्हीएम आतच बसवलेला मिळतो: मागे दोन यूएसबी जोडण्या, आणि चित्राबरोबर कीबोर्डही आपोआप बदलतो. लॅपटॉपला टाइप-सी असेल तर चित्र, कीबोर्ड आणि चार्जिंग एकाच तारेतून होतं. ज्याला नवा मॉनिटर घ्यायचाच आहे त्याने वेगळ्या डब्याऐवजी हे पाहावं.

वीज हा खेड्यातला वेगळा हिशेब. एका साध्या एलईडी मॉनिटरला साधारण 20 ते 30 वॅट लागतात. लाइट गेल्यावर यूपीएसवर दोन सीपीयू आणि दोन मॉनिटर ओढायचे की दोन सीपीयू आणि एक मॉनिटर, हा प्रश्न तेवढ्या मिनिटांत अर्ज पुरा होणार की नाही इथपर्यंत जातो. एक मॉनिटर वाटून घेण्याच्या बाजूने हा मुद्दा शहरातल्या लेखांत कधी येत नाही, पण तो भारी आहे.

सॉफ्टवेअरचा मार्ग वेगळ्याच समजुतीवर उभा आहे. इथे प्रत्येक संगणकाला स्वतःची स्क्रीन असते. एकाच यंत्राचा कीबोर्ड-माउस दोन्हीकडे चालतो. बाण पडद्याच्या उजव्या कडेला नेला की तो शेजारच्या पडद्यावर डाव्या कडेतून आत शिरतो. 2001 साली ख्रिस शोनेमन यांनी लिहिलेला सिनर्जी हा या जातीतला सर्वांत नावाजलेला प्रोग्रॅम. त्यातून 2018 साली बॅरियर फुटला, बॅरियरमधून 2021 साली इनपुट लीप, आणि 2024 साली मूळ मुक्त प्रकल्पालाच डेस्कफ्लो हे नाव मिळालं. जुने लेख वाचून कुणी बॅरियर उतरवून घेत असेल तर त्याची निगा आता कुणी राखत नाही हे ध्यानात ठेवावं. मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने फावल्या वेळात लिहिलेला ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ 2011 साली फुकट बाहेर आला आणि 2023 पासून तो मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या संचात मिळतो. विंडोजच्या चार यंत्रांपर्यंत चालतो. अ‍ॅपलने 2021 मध्ये जाहीर केलेलं युनिव्हर्सल कंट्रोल मार्च 2022 मध्ये प्रत्यक्षात आलं, पण ते अ‍ॅपलच्याच घरात. लॉजिटेकचा फ्लो 2017 चा, त्याच कंपनीच्या माउसांसाठी.

हे सगळे प्रोग्रॅम दोन्ही संगणक चालू आणि एकाच नेटवर्कवर असतील तरच उपयोगाचे. चालू होताना बायॉसमध्ये शिरायचं असेल, किंवा विंडोज अडकून बसलं असेल, तर प्रोग्रॅम अजून उठलेलाच नसतो. तिथे खरा कीबोर्ड लागतो.

आता त्या प्रश्नाकडे, जो इंग्रजी टायपिंग करणाऱ्याला कधीच पडत नाही आणि देवनागरीत काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी पडतो. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. कितवी कळ दाबली एवढंच तो पाठवतो. तिचं अक्षर कोणतं हे संगणक ठरवतो. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी द्यावी लागणारी सीपीसीटी ही संगणक-परीक्षा हिंदी टायपिंगसाठी रेमिंग्टन गेल आणि इनस्क्रिप्ट अशा दोन रचना चालवून घेते. कृतिदेववर शिकलेल्यांचा हात रेमिंग्टनचा. इनस्क्रिप्ट ही केंद्र सरकारने 1986 साली आणलेली प्रमाण रचना, जी सर्व भारतीय लिप्यांना एकसारखी लागू होते. दोन संगणकांवर दोन रचना असल्या की काय होतं ते ‘काम’ या एका शब्दावरून दिसतं. रेमिंग्टनवर बोटं डी, के, ई अशी पडतात: डी म्हणजे क, के म्हणजे काना, ई म्हणजे म. त्याच तीन कळा इनस्क्रिप्टच्या संगणकावर दाबल्या तर आधी हलन्त, मग क, मग काना उमटतो. तिथे ‘काम’ हवं तर के, ई, सी दाबावं लागतं. जे या कळीवर मात्र दोन्हीकडे र आहे.

म्हणजे केव्हीएमच्या बटणाने कीबोर्ड दुसऱ्या यंत्रावर गेला की बोटांची सवयही दुसरीकडे न्यावी लागते. उपाय एकच: दोन्ही यंत्रांवर एकच रचना बसवणं, आणि तीही युनिकोडची. रेमिंग्टनचा हात असलेल्यांसाठी युनिकोडमध्ये रेमिंग्टन गेल आहेच, त्यामुळे हात बदलायची सक्ती नाही. सॉफ्टवेअरच्या मार्गाने गेल्यास गुंता आणखी वाढतो, कारण सिनर्जीच्या कुळातले प्रोग्रॅम कळीच्या क्रमांकाबरोबर तिचा अर्थही पलीकडे पाठवू पाहतात आणि रोमन नसलेल्या लिप्यांत अनेकदा चुकतात. मुख्य संगणकाची भाषा इंग्रजीवर ठेवून देवनागरी फक्त पलीकडच्या यंत्रावर चालू केली तर बहुतेक वेळा निभावतं. डब्यातून जाणाऱ्या कळांना हा त्रास नाही. रोज देवनागरीत टायपिंग करणाऱ्याने सॉफ्टवेअरपेक्षा डबा किंवा दोन जोडण्यांचा मॉनिटर निवडावा, याचं एवढं एक कारण पुरेसं आहे.

कृतिदेवची अडचण त्याहून खोल आहे. त्यात संगणकाच्या आत देवनागरी नसतेच; रोमन अक्षरांवर देवनागरीचं रूप चढवलेलं असतं. जुन्या यंत्रावरचा मजकूर अशा प्रोग्रॅमच्या सामायिक क्लिपबोर्डमधून नव्या यंत्रावरच्या पोर्टलमध्ये चिकटवला की ‘काम’च्या जागी डी, के, ई ही तीन रोमन अक्षरं येऊन बसतात. अर्ज तसाच गेला तर नाकारला जातो, आणि फेरी पडते ती धारणी किंवा खकनारहून आलेल्या माणसाला. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं नि रफार तपासल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये.

दुसऱ्या यंत्राला स्क्रीनच द्यायची नाही असाही मार्ग आहे: दुसरा संगणक कोपऱ्यात ठेवून पहिल्याच्या पडद्यावर त्याची खिडकी उघडायची. मायक्रोसॉफ्टची रिमोट डेस्कटॉपची सोय 1998 पासूनची. पण विंडोजच्या होम आवृत्तीत दुसऱ्याला आत घेता येत नाही, त्यासाठी प्रो लागते, आणि स्वस्त लॅपटॉपांवर बहुधा होमच असते. मग लोक दुरून संगणक चालवू देणाऱ्या एनीडेस्ककडे वळतात. याच एनीडेस्कचा वापर करून ठग बँक खाती रिकामी करत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये दिला होता. पैशाचे व्यवहार होणाऱ्या यंत्रावर असं दार कायमचं उघडं ठेवू नये. घरातल्या घरात, एका राउटरच्या आत चालणारा उपाय असेल तर वेगळी गोष्ट.

आधार आणि बोटांचे ठसे यांच्याबाबत तर तडजोड नकोच. ठसे घेणारं यंत्र आणि त्याची संगणकातली नोंदणीकृत सेवा यांची जोडी जमायला वेळ लागतो. ते डब्याच्या यूएसबीत लावलं तर प्रत्येक बटणाला तुटतं आणि पुन्हा जुळतं. समोर मजुरीचे पैसे काढायला आलेली बाई थांबलेली असते. ते यंत्र ज्या संगणकाचं, त्याच्याच पोर्टमध्ये थेट असावं. आधार नोंदणीच्या केंद्रात तर उलटाच नियम आहे: एका संगणकाला दोन स्क्रीन. दुसरी नागरिकाकडे तोंड करून, म्हणजे त्याचं नाव आणि पत्ता टाइप होताना त्याला स्वतः पाहता यावं. मॉनिटर वाचवण्याच्या नादात ही दुसरी स्क्रीन आतल्या बाजूला वळवून घेणं म्हणजे नागरिकाचा हक्क काढून घेणं आहे.

यंत्र वाटून घेण्याचा विचार या भागाला नवा नाही. बुऱ्हाणपूर ज्या इंदूर विभागात येतं, त्यातल्याच धार जिल्ह्यात 1 जानेवारी 2000 ला ‘ज्ञानदूत’ सुरू झालं आणि गावांच्या घोळक्याला मिळून एक संगणक ही कल्पना देशभर गाजली. महाराष्ट्रात वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात 1998 पासून सुमारे 70 गावांत संगणक बसवले गेले. पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी पाहिलं तेव्हा शेतकऱ्यांना त्यांतून हवी होती ती प्रामुख्याने ऊस किती गेला, खात्यावर काय, खत किती अशी मोजकीच माहिती. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवर एसएमएसने ती देऊन पाहिली, आणि काम स्वस्तात झालं. त्याच संस्थेने शाळांसाठी 2006 च्या सुमारास प्रश्न उलटा मांडला: एका संगणकाभोवती पाच मुलं बसतात आणि माउस एकाच दांडग्या मुलाच्या हातात राहतो, तर पाच माउस का जोडू नयेत? प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा बाण मिळाला. सगळ्यांनी बरोबर उत्तरावर क्लिक केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी रचना केली, तेव्हा शब्द शिकण्यात पाच जणांचा गट एकट्या मुलाच्या बरोबरीने उतरला. वारणेत पडदाच लागत नव्हता, शाळेत फक्त माउस कमी पडत होता. नेमकं काय वाटायचं आहे हे शोधलं म्हणूनच दोन्ही ठिकाणी खर्च आटोक्यात राहिला.

राहिला सुरक्षेचा मुद्दा. गोपनीय काम चालतं तिथे इंटरनेटचा संगणक आणि आतला संगणक मुद्दाम वेगळे ठेवतात, आणि त्यांच्यासाठी खास सुरक्षित केव्हीएम बनतात: त्यांत कळा फक्त कीबोर्डकडून संगणकाकडे जाऊ शकतात, उलट काहीच येत नाही, आणि पेनड्राइव्ह लावायला जागाच नसते. दुकानाला एवढं नको. पण तिथेही सामायिक क्लिपबोर्ड बंद ठेवावा, कारण एका ग्राहकाचा आधार क्रमांक कॉपी करून ठेवला की तो दोन्ही यंत्रांवर पडून राहतो. जुनं विंडोज 7 चं यंत्र इंटरनेटवरून पूर्ण तोडावं, आणि त्याचं नव्या यंत्राशी नातं कीबोर्ड-स्क्रीनपुरतंच ठेवावं. फायली न्यायच्याच तर एक वेगळी पेनड्राइव्ह राखून ती दर वेळी स्कॅन करावी. इथे डबा सॉफ्टवेअरपेक्षा सरस ठरतो: तो दोन यंत्रांना नेटवर्कने जोडत नाही, म्हणून एकातला व्हायरस त्याच्यातून सहसा दुसऱ्यात जात नाही.

डबा घ्यायचाच ठरला तर तो बुऱ्हाणपूरच्या किंवा अमरावतीच्या दुकानात दोन यंत्रं लावून पाहूनच घ्यावा. दोन्हीकडे एक-एक खिडकी उघडी ठेवून दहा वेळा बटण दाबावं आणि खिडक्या जागेवर राहतात का ते पाहावं. दुसरं यंत्र बंद करून, कीबोर्ड पहिल्यावर असतानाच ते पुन्हा चालू करावं. ते कीबोर्ड शोधत अडलं तर डबा परत द्यावा. केबल डब्याबरोबर आल्या आहेत का हेही विचारावं. दोन एचडीएमआय आणि दोन यूएसबी केबल वेगळ्या घ्याव्या लागल्या की स्वस्त डब्याची किंमत बरीच वर जाते.